वहिनीच्या हातांसाठी आणलेल्या वस्तू

माझी वहिनी ब्रह्मा घाटाजवळच्या आमच्या घरात तीस वर्षं परक्या माणसांसाठी स्वयंपाक करत होती. दादा पौरोहित्य करतो. महाराष्ट्रातून लोक काशीला येतात, दादा त्यांचं घाटावरचं सगळं पार पाडतो आणि दुपारी ती माणसं आमच्याकडे जेवतात. रोज दहा-बारा पानं तरी असायचीच, पितृपक्षात तर मोजदाद नसायची. करणारी आणि वाढणारी ती एकटी. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, बँकेत नोकरी करते. रविवारी मैदागिनला रिक्षातून उतरून गल्लीगल्लीतून चालत जायचं, दोघांबरोबर जेवायचं आणि चहा घेऊन परतायचं, असा माझा नेम होता.

हात दुखतात असं ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा कणीक मळत होती.

"वन्सं, सकाळी बोटं मिटतच नाहीत. गरम पाण्यात धरली की मग कुठे चालू होतात."

"थंडी केवढी पडलीय, वहिनी," मी म्हटलं. थंडी होतीच. तिनं मान हलवली आणि कणीक पुन्हा पुढे ओढली.

त्याच महिन्यात तिचा वाढदिवस होता. ठठेरी बाजाराच्या तोंडाशी एक माणूस दोरी ओढून भाजी चिरायचं प्लास्टिकचं भांडं विकत होता. "तीन झटके, बहिनजी, बस!" म्हणत त्यानं माझ्यासमोर कांदा बारीक करून दाखवला. मी ते घेतलं. वहिनीला कुणी कधी काही दिलेलं नव्हतं. ती डबा उघडायच्या आधीच लाजली.

"अगबाई, माझ्यासाठी?"

तिनं लगेच कोबी घातला आणि दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला दोरीची कडी तिच्या बोटांतून निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. "सवय नाही ना," ती हसून म्हणाली.

पुढच्या रविवारी ते भांडं धुऊन, पुसून फळीवर ठेवलेलं होतं, वर स्वच्छ फडकं. वहिनी विळीवर कोबी चिरत होती. गड्डा बोटांनी धरलेला नव्हता, दोन्ही मनगटांमध्ये दाबून ती तो पात्यावर सरकवत होती. हे मी पाहिलं. पाहून माझ्या मनात एवढंच आलं की हिला नव्या वस्तू जमत नाहीत, काहीतरी सोपं आणायला हवं.

मग मी आणतच गेले. बरणीचं घट्ट झाकण फिरवायची रबरी चकती. जाड मुठीचं सोलाणं. लिंबाची लांब दांड्यांची पिळणी. पोळपाट सरकू नये म्हणून त्याच्याखाली घालायची जाळी. दिवाळी, संक्रांत, त्यांच्या लग्नाचा दिवस, काहीही निमित्त चालायचं. स्वस्तातल्याच वस्तू सगळ्या, पण पिशवीत घालून निघाले की मला फार हलकं वाटायचं. जाळी सोडली तर प्रत्येक वस्तू पकडायला, दाबायला नाहीतर पिळायला धड बोटं लागत होती, आणि नेमकी तीच तिच्याकडे उरली नव्हती. त्या घरी लवकर जावं, पदर खोचावा आणि कणीक आपण मळावी, हे मला सुचलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. सुचलं होतं. रविवार माझा एकच असायचा.

शेवटची वस्तू पोळ्या दाबायचं यंत्र होती. दोन गोल पत्रे आणि एक दांडा. त्या दिवशी गंगापूजन करून आलेलं एक मोठं कुटुंब बाहेर पानांवर बसलं होतं. वहिनीनं गोळा ठेवला आणि दांड्यावर कोपरापासून सगळा हात टेकून भार दिला. पोळी जाड आणि कडांना फाटकी निघाली. तिनं दुसरी केली, तिसरी केली. तोवर आमटीला उकळी फुटली म्हणून ती पातेलं उतरवायला वळली. मी दाराशी उभी होते, तिच्यापासून चार पावलांवर. सांडशी तिच्या हातात मिटलीच नाही. पातेलं कलंडलं आणि उकळती आमटी तिच्या पावलांवर सांडली.

दादा आत धावत आला. "अगं, हे काय केलंस? लोक पानावर बसलेत!"

त्याला तिचे पाय नंतर दिसले. मग त्यानं पाण्याची बादली ओढून आणली. मी तिच्या पायांवर पाणी ओतत होते. ती भिंतीला टेकून बसली होती, रडत नव्हती.

"वन्सं," ती म्हणाली, "आता काही आणू नका."

"नाही आणणार, वहिनी."

"तुम्ही काही आणलंत की मला वाटतं, अजून करायचंय मला."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि तिला डॉक्टरांकडे नेलं. पायांना पट्टी बांधून झाल्यावर डॉक्टरांनी तिचं एकेक बोट दाबून पाहिलं. बोटं करंगळीच्या बाजूला कलली होती, सांधे गाठीसारखे वर आले होते. त्यांनी तिला काही विचारलं नाही, मला विचारलं, "इतने दिन आप लोग क्या कर रहे थे?"  आमवात आहे म्हणाले. गोळ्यांनी दुखणं कमी होईल, पण वाकलेली बोटं सरळ होणार नाहीत. वेळेवर आला असतात तर, एवढं बोलून ते चिठ्ठी लिहू लागले.

पाय दीड महिन्यानं बरे झाले. हात झाले नाहीत. आता यात्रेकरूंचं जेवण बाहेरून मोठ्या डब्यांतून येतं आणि वाढायलाही तीच माणसं येतात. दादा त्यातलंच जेवतो, चांगलं-वाईट काही म्हणत नाही. वहिनीची वेणी मी रविवारी घालते. इतर दिवशी दादा तिचे केस कसेतरी बांधतो. ती बाहेरच्या खोलीत खुर्चीवर हात पदराखाली घेऊन बसते. मी स्वयंपाकघरात गेले तरी ती मागून येत नाही. सुट्टी घेऊन महिनाभर राहते म्हटलं, तर म्हणाली, "आता राहून काय करणार, वन्सं?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

मागच्या महिन्यात सांगलीकडच्या एक बाई आल्या होत्या. पूर्वी सासूबाईंना घेऊन येऊन गेलेल्या. जेवता जेवता त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"इथं एक बाई होत्या ना? त्यांच्या हातची चव अजून जिभेवर आहे हो."

वहिनी त्यांच्यापासून हातभर अंतरावर खुर्चीत बसली होती. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं.

"होत्या," वहिनी म्हणाली.

"अरेरे. कधी गेल्या?"

वहिनीनं हात पदराखाली आणखी आत ओढले. दादा खाली मान घालून पाण्याचा तांब्या भरत राहिला. मीही बोलले नाही. त्या बाई थोडा वेळ हळहळल्या, आणि भात संपवून हात धुवायला उठल्या.