हौसाक्काचा साकव आणि वाढीव आमदार

आमदाराच्या ऑफिसात काही वर्षं काढली की किस्से शोधावे लागत नाहीत, कपाटातल्या जुन्या अर्जांसारखे ते आपोआप साठतात! मी कोल्हापुरात आमच्या साहेबांच्या संपर्क कार्यालयात पत्रं टाईप करायचो. मतदारसंघ कुठला ते सांगत नाही. शहर सोडलं की ऊस, मग भात, मग डोंगर आणि डोंगरात वाड्या. एवढ्या पसाऱ्याला आमदार एकच.

ऑफिसात आम्ही तिघं. मी, लोकांचे अर्ज फुकट लिहून देणारे रिटायर शिक्षक कांबळे गुरुजी आणि ड्रायव्हर बाबू.

*

लग्नसराईत एकेका दिवसाला ढीगभर पत्रिका यायच्या. साहेब पोचणार कुठे कुठे? मग बाबू रिकामीच गाडी मांडवापुढे न्यायचा, हॉर्न द्यायचा आणि पुढच्या लग्नाला सुटायचा.

एकदा नवरीच्या बापानं काचेतून आत डोकावून बघितलं. मागची सीट रिकामी! त्या गृहस्थानं साहेबांसाठी आणलेला हार शांतपणे बाबूच्याच गळ्यात घातला.

"चालतंय की! गाडी तर आली!"

*

हौसाक्का दर सोमवारी पहिल्या एस.टी.नं यायची. तिची वाडी ओढ्याच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे. ओढा फुगला की नात पावसाळाभर घरी. नात तेव्हा पहिलीत होती. हौसाक्काला ओढ्यावर एक साकव, छोटा पूल, हवा होता, माणसं चालत जातील एवढाच. पोरीची शाळा सुटेल या एका भीतीनं ती बाई डोंगर उतरून यायची.

साहेब नसले तरी ती त्यांच्या खुर्चीसमोर बसून सगळं पहिल्यापासून सांगायची. मी एकदा म्हणालो, "आक्का, खुर्ची रिकामी आहे."

"असूं दे की. भरल्यावर तरी कुठं ऐकतीया!"

*

संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर बसायचो. तिथं गुरुजींचं स्वप्न सुरू व्हायचं.

"आमदार दुप्पट करा. मतदारसंघ एवढा लहान हवा की आमदारानं सायकलवरून फिरावं. आमच्या वस्तीत पहिल्यांदा आमदार आला, तेव्हा मी रिटायर झालो होतो हो!"

पाण्यावर ऊन उतरत असायचं आणि मलाही ते सगळं दिसायला लागायचं. वाडीवाडीचा आमदार ओट्यावर बसून भाकरी खातोय, विधानसभा पार पन्हाळ्यापर्यंत पसरलीय आणि पहिल्या बाकावर हौसाक्का बसलीय. मला ते फार आवडायचं. खरं सांगतो, अजूनही आवडतं.

बाबू भेळ संपवत म्हणाला, "गुरुजी, शिटा वाढवल्या म्हणून गाडी डोंगर चढती व्हय?"

गुरुजी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

*

मी एकदा धीर करून साहेबांनाच विचारलं, "साहेब, आमदार वाढवले पाहिजेत का?"

"वाढवा की! लोकशाही हाय." साहेबांनी चहाचा घोट घेतला. "फकस्त माझ्या मतदारसंघात हात घालू नका."

*

आमदार काही वाढले नाहीत. पण पुढे मतदारसंघांच्या हद्दी नव्यानं आखल्या गेल्या. नकाशा आला तेव्हा गुरुजी भिंग घेऊन बसले आणि बराच वेळ मान वर करेनात. हद्द नेमकी हौसाक्काच्या ओढ्यातून गेली होती! वाडी आमच्याकडे, शाळा पलीकडच्या आमदारांकडे. म्हणजे साकवाचा कागद आता दोन ऑफिसांत फिरणार. नात सातवीत गेली होती.

सोमवारी हौसाक्का आली. तिला सांगायचं कुणी? मी उगाच टाईपरायटर पुसत बसलो. बाबू तर सरळ बाहेर निघून गेला. शेवटी गुरुजींनीच घसा खाकरला.

"आक्का, आता ओढ्याच्या अल्याड एक आमदार आणि पल्याड दुसरा."

हौसाक्काचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"म्हंजे आमास्नी दोन आमदार?"

"हो, पण आक्का..."

"मग झालं की काम, गुरुजी! आमच्यासाठी न्हाय तर न्हाय, एकमेकाकडं जायाला तरी साकव बांधतीलच की दोघं!"