ढवळेकाकांनी बसवलेला हीटर

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. मिलिंदपाशीही नाही, आणि वीस वर्षांच्या संसारात त्या माणसापासून मी माझं वजन सोडून दुसरं काही लपवलेलं नाही. नागपूरला आईलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही काकांना पाहिलेलं नाही. पाहिलं असतंत तर — तर बहुधा तुमच्यापुढेही माझी जीभ रेटली नसती.

तशी गोष्ट क्षुल्लक आहे. निदान मी स्वतःला तसं पुष्कळदा सांगून पाहिलं.

२००५ च्या उन्हाळ्यात मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एक जुना डिझेल पिकअप ट्रक घेतला. दिवसभर कंप्यूटरपुढे बसणाऱ्या माणसाला मिनेसोटात ट्रक कशाला हवा? तर म्हणे मंडळाच्या गणपतीचं मखर न्यायला. मखर वर्षातून एकदा, ट्रक बाराही महिने दारात. त्या काळ्या धुडाला मी म्हैस म्हणायचे आणि मिलिंद ते कौतुकानेच घ्यायचा. पण आमच्याकडच्या कडाक्याच्या थंडीत डिझेलचं इंजिन सकाळी ढिम्म हलत नाही. त्यावर उपाय म्हणून त्याने इंटरनेटवर वाचून वाचून एक जादा हीटर मागवला. पावाच्या लादीएवढा डबा. तो ट्रकच्याच टाकीतलं थोडं डिझेल जाळतो, इंजिनात फिरणारं कूलंट गरम करतो, आणि ते गरम पाणी फिरलं की इंजिन आपोआप ऊब धरतं. पहाटेचा टायमर लावायचा आणि आपण खुशाल झोपायचं.

डबा आला. आता बसवणार कोण? मिलिंदला घरातला बल्ब बदलायचा तरी आधी तीन व्हिडिओ नाही तर तीन मॅन्युअलं लागतात.

तर ढवळेकाका. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या समीरचे वडील. सगळी नोकरी पुण्याजवळच्या एका कारखान्यात, डिझेल इंजिनांच्या चाचणी खात्यात गेलेली. काकू गेल्यावर समीर त्यांना इकडे घेऊन आला. समीर मुलगा चांगला, पण काळजीने माणूस कधीकधी दुष्ट होतो ना, तसं त्याचं झालं होतं. काका दोनदा गॅस चालू ठेवून फिरायला गेले होते. मग गॅसला हात लावायचा नाही, गाडी चालवायची नाही, आणि आता तळघरातली हत्यारंही कुलपात जाणार असं घाटत होतं. काका मला म्हणाले होते, “हे एक काम नीट होऊ दे गं. मग समीरला म्हणेन, बघ, अजून हात शाबूत आहेत.” म्हणजे त्या डब्यावर काय काय अवलंबून होतं, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी त्यांनी तो बसवला. काय सुंदर काम करायचे ते! इंजिनाची नळी कापण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून त्यांनी ‘येणारं’ आणि ‘जाणारं’ असं लिहिलं. मध्ये डबा जोडला. मग कूलंटच्या टाकीचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं आणि नळ्या हाताने दाबत, आतली हवा निघेपर्यंत, बुडबुडे बघत तासभर उभे राहिले. मिलिंद शेजारी बॅटरीचा उजेड धरून. दुपारी काका स्वयंपाकघरात आले आणि माझं लाल नेलपॉलिश मागू लागले. मला वाटलं, झालं, समीर म्हणतो तेच खरं. पण त्यांना ते खुणेसाठी हवं होतं. एकेक क्लॅम्प, एकेक वायरचं टोक आवळून झालं की त्यावर एक लाल ठिपका. “आवळल्याशिवाय टिकली लावायची नाही,” म्हणाले, “म्हणजे विसरायचा प्रश्नच येत नाही.” आपल्याला विसरायला होतं हे त्यांना समीरपेक्षा चांगलं ठाऊक होतं. संध्याकाळी हीटर चालू करून पाहिला, तर पाच मिनिटांत नळी हाताला चटका देईल एवढी तापली. काकांनी पोह्यांची दुसरी बशी मागून घेतली. मला ते फार आवडायचे हो. माझे वडील मी कॉलेजात असतानाच गेले. कुणी हक्काने दुसरी बशी मागितली की मला भरून यायचं.

आता येते मुद्द्यावर. किती वेळ टाळणार?

मी इथल्या शाळेत केमिस्ट्री शिकवते. देवधर्म, पूजाअर्चा यांची टिंगल करण्यात मी मंडळात प्रसिद्ध होते. एका मैत्रिणीने नवी गाडी लिंबांवरून नेली, तर भर हळदीकुंकवात मी तिची अशी फिरकी घेतली होती की बिचारी रडायची बाकी राहिली. आणि तीच मी — दसऱ्याच्या सकाळी, आईचा फोन ठेवल्यावर, मिलिंद अंघोळीला गेलेला पाहून गुपचूप गॅरेजमध्ये गेले. का? आता बर्फ पडणार, हा वेडा माणूस त्या म्हशीतून ऑफिसला जाणार, एवढंच डोक्यात होतं. बॉनेट उघडलं. डब्याला हळदकुंकू लावलं. अंगणातला झेंडू थंडीने करपायच्या आत तोडून ठेवला होता, त्यातलं एक छोटं फूल घेतलं. ठेवायचं कुठे? डब्याच्या बाजूने एक अंगठ्याएवढी नळी आली होती, तिच्या तोंडात ते अगदी मापाने बसलं. देवाच्या मुकुटात खोचतो तसं खोचलं. वर नळ बंद झाल्याचा आवाज आला, मी घाईघाईने कुंकू पुसलं आणि बॉनेट लावलं. फूल संध्याकाळी काढू म्हटलं. संध्याकाळी साफ विसरले.

ती नळी हवा आत ओढायची होती. जळायला हवा लागते, हे मी दरवर्षी नववीच्या मुलांना शिकवते.

डिसेंबरात पारा उणे वीसवर गेला, त्या शनिवारी हीटर पहिल्यांदा खरा लागला. घरघरला, पांढरा धूर सोडला, बंद पडला. तीनदा तेच. ट्रक निपचित. मिलिंदने फोन केला आणि समीर काकांना घेऊन आला. काका गॅरेजच्या थंड फरशीवर गुडघे टेकून बसले. हातमोजे काढले, कारण मोज्यांनी वायरी कळत नाहीत. डिझेलची नळी पाहिली, फ्यूज पाहिले, हवेच्या नळीत बोटही घालून पाहिलं — पण वाळलेलं फूल तोवर आत वळणापर्यंत सरकलं होतं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात आले, त्यांचं बोट त्या नळीतून बाहेर येताना पाहिलं, आणि मला सगळं आठवलं.

त्या क्षणी बोलायचं होतं. एक वाक्य. हसले असते सगळे, मिलिंदने जन्मभर चिडवलं असतं, मंडळात ती लिंबांवाली मैत्रीण खूश झाली असती. एवढंच झालं असतं ना? पण मी ट्रे धरून उभी राहिले.

समीर मऊ आवाजात म्हणाला, “बाबा, इट्स ओके. काहीतरी मिस झालं असेल तुमच्याकडून.” काका म्हणाले, “टिकल्या तर सगळ्यांवर आहेत रे.” आणि मग मी बोलले. हो, बोलले. गप्प राहिले असते तरी एक वेळ बरं. मी म्हणाले, “एखादी वायर सैल राहिली असेल, काका. होतं असं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर त्यांचा विश्वास होता — मी शिकलेली, मी चोख, मी उगाच काही बोलणार नाही. त्यांनी त्या लाल ठिपक्यांवरून एकदा अंगठा फिरवला. “असेल,” म्हणाले. “टिकली लावली, पण आवळलं होतं की नाही, हे आता कसं सांगू?”

ते गेल्यावर आणि मिलिंद वर झोपल्यावर मी क्रोशाच्या सुईने ते फूल ओढून काढलं आणि कचऱ्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हीटर गुमान चालू झाला. मिलिंद म्हणाला, “तुझंच खरं. लूज कनेक्शन असणार. काल हलवाहलवीत बसलं नीट.” त्याने तसं काकांना फोन करून कळवलंही. आनंदाने कळवलं, त्याला काय माहीत?

मार्चमध्ये काका आपली हत्यारांची पेटी आमच्याकडे ठेवून गेले. मिलिंदच्या उपयोगी पडेल म्हणाले. मी त्यांना थालीपीठ करून वाढलं, वर लोण्याचा गोळा घातला. सांगायची ती दुसरी वेळ होती. तिसरी, चौथीही आली. ते दर रविवारी यायचे. मी त्यांचे स्वेटर धुतले, औषधं आणली, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. फार प्रेम केलं मी त्यांच्यावर, हे खोटं नाही. आणि ते कशाचीही भरपाई नव्हतं, हेही मला कळत होतं.

२००८ मध्ये, ते गेले त्या वर्षी, आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. काका टेबलाशी चहा घेत होते. पेटी आमच्याच तळघरात होती. मी म्हटलं, “काका, बघता का जरा?” ते उठले, सिंकपाशी गेले, थोडा वेळ ते थेंब बघत राहिले. मग हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, “नको गं. प्लंबरला बोलाव. मी केलं तर काहीतरी राहून जाईल.”

त्यांच्याकडून काहीही राहिलं नव्हतं. त्या दोन दिवसांत त्यांची एकही चूक झाली नव्हती, आणि हे साऱ्या जगात फक्त मला माहीत होतं. मी प्लंबरला फोन केला.