उत्तर न देणारे साहेब

साहेबांना सरळ प्रश्न विचारला, की ते हनुवटीला हात लावून उलट विचारत, "तुम्हाला काय वाटतं?" राधानगरी रोडवरच्या ज्या वृद्धाश्रमात माझी आत्या राहत होती, तिथले ते व्यवस्थापक. संस्थेने त्यांना नेतृत्वाच्या शिबिराला पाठवलं होतं. नेत्याने उत्तरं द्यायची नसतात, माणसांकडून काढून घ्यायची असतात, एवढं तिथून ते शिकून आले. त्याआधी ते निदान गरम पाणी कधी येणार, हे तरी सांगत.

गुडघ्याला तेल लावायला कोण येणार, असं आत्याने विचारलं, तेव्हाही त्यांनी तेच केलं.

"मला काय वाटतंय इचारतोस व्हय? मला वाटतंय, तुझा पगार मलाच मिळाय पायजे."

साहेब मनापासून हसले. "आजींमध्ये नेतृत्वगुण आहेत," असं मला म्हणाले. अपमान समजून घेण्यात बुद्धी खर्च करायची त्यांना सवय नव्हती.

ते कुणावर रागावत नसत आणि प्रत्येक म्हाताऱ्याला नावाने ओळखत. चांगलं लिहिण्यासारखं एवढंच.

पावसाळ्यात लिफ्ट बंद पडली. आत्या दुसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी अंगणातल्या बाकावर बसून एसटी गाड्या बघायच्या आणि शेजारणींशी वाद घालायचा, एवढंच तिचं जग उरलं होतं. तेही गेलं. ती जेवेनाशी झाली. तळमजल्यावर एक मोठी खोली होती. तिथे गोलाकार खुर्च्या मांडून साहेब इतर संस्थांच्या व्यवस्थापकांना नेतृत्व शिकवत.

शिपाईमामा म्हणाले, "साहेब, खुर्च्या वर नेतो आणि आजींची खाट खाली आणतो की."

"याचे परिणाम काय होतील, मामा?"

"आजी जेवतील."

साहेबांनी यावर बैठक ठेवली. मग दुसरी. दोन मजले, एक बंद लिफ्ट, एक मोकळी करता येणारी खोली. यात चर्चेला काय शिल्लक राहतं, ते मला अजून कळलेलं नाही.

एका रविवारी गेलो, तर आत्या भिंतीकडे तोंड करून पडलेली. "मला घरी ने," एवढंच म्हणाली. आईमागे तिनेच मला वाढवलं, पण कधी काही मागितलं नव्हतं.

आत्याला घरी नेतोय, असं मी साहेबांना सांगितलं.

"हा निर्णय घेताना तुम्हाला आतून कसं वाटलं?"

"तुमची एक खुर्ची लागेल," मी म्हणालो.

मामांनी आणि मी आत्याला त्या खुर्चीत बसवून जिना उतरवला. माझ्या कमरेत उसण भरली. साहेब खालच्या पायरीवरून मोबाइलने फोटो काढत ओरडत होते, "छान! एकमेकांशी बोलत राहा!"

पुढे त्यांना बढती मिळाली. आता ते संस्थेच्या सगळ्या शाखांचे व्यवस्थापक घडवतात. परवा मेव्हण्याने त्यांच्या शिबिराची जाहिरात व्हॉट्सॲपवर पाठवली. वर 'संघभावना' आणि खाली खुर्चीतली आत्या.

मी तिला फोटो दाखवला. तिने चष्मा लावून नीट बघितला.

"ह्यात त्यो कुठं हाय?"

"तो फोटो काढत होता."

"बरं झालं. त्येचं वजनबी तुमास्नीच उचलाय लागलं असतं," असं म्हणून तिने भाकरीचं ताट पुढे ओढलं.