विमानाला लावायचा भंडारा

परवा गॅरेजवाल्याने माझ्या गाडीची चेन रॉकेलने धुतली आणि त्या वासाने मला थेट विमानतळावर नेलं, कारण विमानाच्या इंधनाला असाच वास येतो. आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला. विमान कंपनीत लागलो तेव्हा मेंढरांमागे जन्म काढलेल्या माझ्या वडिलांना, आबांना, विमानात बसवायचं मी कबूल केलं होतं. पुढे तेल महाग झालं, मिळेना झालं, एकेक फेरी बंद पडू लागली, तेव्हा मी घाईने आबांना बोलावून घेतलं. ते कोरं धोतर नेसून, कमरेला भंडाऱ्याची पिशवी लावून आले. नवं कोकरू असो की नवा ट्रॅक्टर, आबा आधी भंडारा लावायचे, मग विमानाला कसे सोडतील? काचेपलीकडे विमान उन्हात उभं होतं, पण तेलाचा टँकर आलाच नाही आणि दुपारी फेरी रद्द झाली. “कावून थांबलं रं?” आबांनी विचारलं. “तेल न्हाई, आबा.” “मंग आधी सांगायचं व्हतं की. आपल्या चौसाळ्याच्या पंपावरून कॅन भरून आणला असता.” शेजारचा सहकारी हसला, मला हसू आलं नाही. आबांनी चिमूटभर भंडारा काढून माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राला लावला आणि म्हणाले, “इमानाला पुढच्या खेपंला लावू.” महिनाभरात कंपनी बंद पडली आणि दिवाळीआधी आबा गेले. त्या ओळखपत्रावर आबांचं पिवळं बोट अजून दिसतं. ते मी पुसलेलं नाही, आणि त्यानंतर विमानातही बसलेलो नाही.