एका पासपोर्टवर दोन शिक्के

मी भारतात आलेलोच नाही, ही गोष्ट मला भारतात जवळजवळ सहा महिने राहिल्यावर कळली. तीही पेणला, सासऱ्यांच्या ओटीवर, पोहे खाताना.

मी मस्कतला एका गोदामात स्टोअरकीपर आहे. पंधरा वर्षं झाली. मूळचा रोह्याजवळच्या वरशाचा. स्वभावाने शूर आहे, फक्त सरहद्द आली की खिसे चाचपायला लागतो. एकदा आम्ही नवरा-बायको मस्कतहून गाडीने दुबईला निघालो होतो, तर सीमेवर मी इतका घाबरलेला दिसलो की तिथल्या शिपायाने आमची स्टेपनीसुद्धा काढून तपासली. (आत हवा होती. तीही कमीच.) बायको, नंदा, तेव्हा म्हणाली होती, "अहो, आपण काही केलेलं नाही. निदान तोंड तरी तसं करा!"

यंदा आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून आम्ही दोघंही वरशाला आलो. डॉक्टर म्हणाले दोन महिने लागतील. गुडघ्याला ते मान्य नव्हतं. नंदाने आईपाशी राहायचं ठरवलं, आणि मी रजा वाढवत वाढवत थेट कड्याच्या टोकाला आलो. कारण सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की तिकडचा व्हिसा आपोआप रद्द होतो. व्हिसा गेला की नोकरी गेली. सहा महिने पुरे व्हायला दोन दिवस बाकी होते आणि माझं विमान त्या संध्याकाळचं होतं.

सकाळी आठला इक्बालभायची गाडी आली. इक्बालभाय आमचे रोह्याचे जुने स्नेही. वीस वर्षं कुवेतला काढून आता गाडी चालवतात. आई पलंगावरूनच रडली, नंदा दारात रडली, मी गाडीत बसून खिशातला पासपोर्ट चाचपला. रस्त्यात दर दहा मिनिटांनी चाचपत होतो. इक्बालभाय शेवटी म्हणाले, "अरे, तो उडून जायचा नाय. उडायचं तुला हाय."

पेणला सासऱ्यांचा निरोप घ्यायला थांबलो. सासरे, म्हणजे अण्णा, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. आयुष्य शिक्क्यांत गेलं. त्यांच्या हाताला कागद लागला की ते आधी शिक्का बघतात, मग मजकूर, आणि वेळ उरलाच तर माणूस. मी पोह्यांवर लिंबू पिळत असताना ते भिंग घेऊन माझा पासपोर्ट बघत होते. निव्वळ आवड म्हणून. लोक वर्तमानपत्र चाळतात तसं.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही भारतात आलात कधी?"

"ते काय, सहा महिने होत आले."

"कशावरून?"

मी हसलो. अण्णा हसले नाहीत. त्यांनी पासपोर्ट माझ्यासमोर धरला. मस्कतहून निघाल्याचा शिक्का होता. मुंबईत उतरल्याचा नव्हता. मी पानं पुढून मागे चाळली, मागून पुढे चाळली, उलटा धरून झटकलासुद्धा! शिक्का पडला नाही.

"म्हणजे कागदोपत्री," अण्णा शांतपणे म्हणाले, "तुम्ही अजून हवेत आहात."

मी नंदाला फोन लावला. "तुझा पासपोर्ट काढ! शिक्का बघ!"

कपाट उघडल्याचा आवाज आला. मग नंदा म्हणाली, "अहो, माझ्यावर दोन आहेत."

"दोन काय?"

"आल्याचे शिक्के. एकाच तारखेचे. एकाच पानावर. शेजारी शेजारी."

आणि मग मला सगळं आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं. मुंबईला उतरल्यावर दोन्ही पासपोर्ट माझ्याच हातात होते. (नंदाकडे दिले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.) मी काउंटरवरच्या साहेबांना मदत करायला गेलो. एक पान उघडून अंगठ्याने दाबून धरलं आणि म्हणालो, "साहेब, इथे जागा आहे, इथेच मारा, पानं वाचतील." साहेब दमलेले होते. त्यांनी एक मारला. मी पुन्हा मोठ्या अदबीने पान उघडून दिलं. त्यांनी दुसरा मारला. दोन्ही वेळा ते पान नंदाचंच होतं! माझं पान मात्र खरोखरच वाचलं होतं.

"आता?" मी अण्णांना विचारलं.

उत्तर पायरीवर बसलेल्या इक्बालभायने दिलं. "घाबरू नको रे. आमच्या आळीत एक होता. त्याच्या पासपोर्टवर पण एक शिक्का कमी होता."

"मग? काय झालं त्याचं?"

"काय नाय. मजेत हाय. आता इथंच असतो, कोंबड्या पाळतो."

मी पोह्यांची बशी बाजूला सरकवली.

अण्णांनी मात्र कमरेला उपरणं बांधावं तसा चष्मा चढवला. त्यांचं म्हणणं, नंदाचा पासपोर्ट पुरावा म्हणून विमानतळावर दाखवायलाच हवा. एकावर दोन आहेत म्हणजे दुसरा तुमचा, हे कुठल्याही साहेबाला पटेल. शिवाय एक प्रतिज्ञापत्र हवं. मी नंदाला सांगितलं, "स्कूटी काढ आणि पासपोर्ट घेऊन पेणला ये." शेजारच्या काकूंना आईपाशी बसवून ती निघालीसुद्धा. तोवर अण्णा मला कोर्टाजवळच्या नोटरीकडे घेऊन गेले.

नोटरींनी विचारलं, "काय लिहायचंय?"

"लिहा," अण्णा म्हणाले, "की हा इसम भारतात आहे."

नोटरींनी माझ्याकडे पाहिलं. "दिसतायत की!"

"दिसून उपयोग काय? शिक्का नाही."

हे त्यांना लगेच पटलं. त्या दोघांच्या जगात ते बरोबरच होतं. कागद तयार होईपर्यंत पाऊण तास गेला. मला आधार कार्ड मागितलं, दोन फोटो मागितले, आणि मला प्रत्यक्ष ओळखणारा एक साक्षीदार मागितला. इक्बालभाय पुढे झाले. "व्हय, ओळखतो. ह्यो लहानपणापास्नं असाच हाय."

साडेअकरा वाजले. नंदाचा पत्ता नाही. अण्णा म्हणाले, इथेच थांबा. कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. मी म्हणालो, "वडखळला गर्दी असणार, आपणच सामोरे जाऊ!" आणि अण्णा, प्रतिज्ञापत्र, आईच्या हॉस्पिटलचे केसपेपर (मी तिथे सह्या केल्या होत्या, म्हणजे मी होतो) आणि सासूबाईंनी दिलेलं पापडांचं भलंमोठं पुडकं, असे आम्ही उलट्या दिशेने निघालो. विमानतळ मागे, आम्ही पुढे.

वडखळला फोन वाजला.

"अहो, कुठे आहात?"

"वडखळला!"

"वडखळला कशाला? मी वडखळलाच आहे!"

"मग दिसत नाहीस ती?"

"वड्याच्या दुकानासमोर उभी आहे."

वडखळमध्ये वड्याच्या दुकानासमोर उभं असणं म्हणजे खाडीत पाण्याजवळ असणं. आम्ही पुलावरून गेलो तेव्हा ती पुलाखाली होती. आम्ही वळून पुलाखाली आलो, तोवर ती आम्हाला शोधायला पुलावर गेली. मग दोघांनाही एकाच वेळी वाटलं की आपण थांबावं. दहा मिनिटं दोघं दोन ठिकाणी थांबलो. मग दोघांनाही एकाच वेळी वाटलं की आपण निघावं! ट्रक, एसटी, अलिबागला निघालेल्या गाड्या, सगळ्यांचे हॉर्न आणि मध्ये मी, खिडकीतून अर्धा बाहेर, "नंदाss" म्हणून ओरडतोय. इक्बालभाय स्टिअरिंगवर हात ठेवून मला दुसऱ्या एका माणसाची हकीकत सांगायला लागले. "तो तर विमानात बसला होता, तिथनं उतरवला..."

"इक्बालभाय, तुम्ही गाडी चालवा!"

"चालवू कशी? हलतंय का काय?"

अण्णा मागच्या सीटवर म्हणाले, "बारा पस्तीस." ते दर पाच मिनिटांनी वेळ सांगत होते. कोणी विचारलं नव्हतं.

डोळ्यांसमोर मस्कतची खोली आली. तिथला माझा कुकर, माझी चप्पल, भिंतीवरचं कॅलेंडर. पंधरा वर्षांची नोकरी, आईची औषधं, हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीचं कॉलेज, आणि हे सगळं एका बोटभर शाईवर लटकलेलं. त्या क्षणी मला खरंच रडू आलं. (अण्णांनी ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले. तेवढ्यापुरती वेळही सांगितली नाही.)

पुन्हा फोन वाजला. नंदाचा आवाज आता एकदम वेगळा होता. आईचा गुडघासुद्धा ज्या आवाजाला वाकला, तो.

"ऐका. जिथे आहात तिथेच थांबा. गाडीतून उतरू नका. मला शोधू नका. मदत करू नका. कळलं?"

"कळलं."

चार मिनिटांत ती आली. ओढणी डोक्याला बांधलेली, तोंडावर धूळ, आणि पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरलेला. स्कूटी तिने एका वडेवाल्याकडे लावली. त्याला तिने काय सांगितलं कोण जाणे, पण तो माझ्याकडे फार दयेने बघत होता. ती गाडीत बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "पानं वाचवतायत!" इक्बालभायने गाडी पनवेलच्या दिशेने सोडली.

विमानतळावर पोचलो तेव्हा सामान घेणं बंद व्हायला अर्धा तास उरला होता. दारावरच्या जवानाने माझं तिकीट पाहिलं आणि अण्णांना अडवलं.

"मी साक्षीदार आहे," अण्णा म्हणाले.

"तिकीट?"

"प्रतिज्ञापत्र आहे."

जवानाने ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. अण्णांच्या आयुष्यात शिक्का असलेला कागद पहिल्यांदाच फुकट गेला होता. ते एकदम म्हातारे दिसायला लागले. नंदाने त्यांच्या हातून कागद घेतला, त्यात आपला पासपोर्ट ठेवला आणि सगळं माझ्या हातात कोंबलं. "जा. आणि काही विचारल्याशिवाय बोलू नका."

मी धावलो. सामान दिलं, बोर्डिंग पास हातात घेऊन इमिग्रेशनच्या रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला. काउंटरवर बाई होत्या, गळ्यात ओळखपत्र, समोर थंड झालेला चहा. मी माझा पासपोर्ट ठेवला. त्यावर नंदाचा ठेवला, त्यावर प्रतिज्ञापत्र, त्यावर केसपेपर. आणि नंदाने बजावलेलं सगळं विसरून सुरू झालो, "मॅडम, मी भारतात आहे, पण म्हणजे कागदोपत्री नाही, त्यात माझ्या बायकोचा काही दोष नाही, तिच्यावर दोन पडलेत, गुडघ्याचं ऑपरेशन होतं..."

मॅडमनी हात वर केला. मी थांबलो. त्यांनी ढिगाखालून माझा पासपोर्ट तेवढा काढला, यंत्रावर ठेवला, पडद्याकडे पाहिलं.

"आलात की. तारीख आहे इथे."

"पण शिक्का..."

"राहिला असेल. कॉम्प्युटरमध्ये आहे ना?"

आणि ठप्प! निघाल्याचा शिक्का बसला. सगळ्याला मिळून दीड मिनिट. नंदाच्या पासपोर्टला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही. प्रतिज्ञापत्राच्या एका कोपऱ्यावर चहाचा कप टेकला होता, तो उचलून त्यांनी सगळा ढीग माझ्याकडे सरकवला. "पुढे व्हा."

मी सगळं पिशवीत कोंबून पुढे झालो. विमानात पट्टा बांधला आणि सहा महिन्यांत झोपलो नव्हतो असा झोपलो. मस्कतला उतरलो, तिथल्या साहेबानेही काही विचारलं नाही, चांगलं हसून "वेलकम" म्हणाला. व्हिसा शाबूत, नोकरी शाबूत. बाहेर आलो, डोळे भरून आले, आणि नंदाला फोन करायला मोबाइल काढावा म्हणून पिशवीत हात घातला. मोबाइलच्या आधी हाताला काहीतरी लागलं. ते बाहेर काढून मी दिव्याखाली बराच वेळ बघत उभा राहिलो. मग फोन लावला.

पहिल्याच रिंगला तिने उचलला. "पोचलात का हो?"

"पोचलो."

"सगळं नीट ना? काही गडबड नाही ना केलीत?"



"नंदा," मी म्हणालो, "कागदोपत्री आपण दोघंही पोचलोय."