थांबलेले हात
परवा कपाटातलं एक जुनं पुस्तक उघडलं, तर त्यातून तंबाखूचा नाकाला झोंबणारा खाट आला आणि निपाणीची ती वखार आठवली. मी तेव्हा नवा मास्तर होतो. शाळा सुटल्यावर वखारीत तंबाखूची पानं निवडणाऱ्या बायकांना पुस्तक वाचून दाखवायचं काम मला मिळालं होतं. मी खुनाच्या तपासाची कादंबरी सुरू केली. तिसऱ्याच दिवशी मालक म्हणाले, “मास्तर, हे नको. खून झाला की ह्यांचं हात थांबत्यात. काय तरी उच्च साहित्य वाचा.” मला बरंच वाटलं, कारण मी मनानं त्याच पंथाचा. एका विधवेच्या आयुष्यावरची गंभीर कादंबरी मी घेतली. बायका शिंकत, खोकत, आपसांत बोलत राहिल्या आणि हात झरझर चालले. मालक खूश, मी खट्टू. कोपऱ्यातली आक्का रोज विचारायची, “मास्तर, त्या खुनाचं काय झालं ओ?” मग एक दिवस ते पान आलं. ती विधवा आपल्या गेलेल्या मुलाचं अंगडं धुते, वाळवते आणि घडी घालून ठेवते, एवढंच त्यात होतं. वाचता वाचता तंबाखूची सळसळ ऐकू येईना. वर पाहिलं, तर सगळ्यांचे हात मांडीवर होते. दारात मालक उभे होते. “हे बी तसलंच निघालं की,” ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून वाचन बंद झालं. हल्ली सभेत उच्च साहित्य आणि लोकप्रिय साहित्य यांचा वाद रंगतो, तेव्हा मी वक्त्याकडे बघत नाही. शेजारी विणत बसलेल्या बाईंच्या सुया थांबल्यात का, ते बघतो.