एक थाप थांब, दोन थापा चल

मागचं डावं चाक हवेत होतं, आणि माझे वडील रस्त्यात उभे राहून हाताने मला अजून मागे बोलावत होते. आरशात मला त्यांचा हात दिसत होता. "येऊ दे, येऊ दे." त्या हातावर माझा इतका विश्वास की गाडी कलंडली तरी क्षणभर मला वाटलं, चूक माझीच असणार.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. तीस वर्षं त्यांनी लाल बस चालवली, त्यातली निम्मी साक्रीच्या पश्चिमेकडच्या डोंगरात. त्यांच्या हातून कुणाला साधं खरचटलंही नाही. निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे स्कूटर उरली आणि माझी लेक. आम्ही धुळ्याला देवपुरात राहतो. लेक दुसरीत आहे, तिची शाळा पांझरेच्या पुलापलीकडे. मी आणि नवरा सकाळीच नोकरीला पळतो, त्यामुळे तिला शाळेत सोडायचं काम आबांचं. पोळा झाल्यापासून आईही मागे बसून जायला लागली. कशाला, विचारलं तर म्हणाली, येताना भाजी घेते. पुढे आबा, मध्ये लेक, मागे आई. गॅलरीतून मला दिसायचं, आई अधूनमधून आबांच्या खांद्यावर हात मारते. मी नवऱ्याला म्हणायचे, बघ, म्हातारपणी कसं प्रेम उतू चाललंय, शीक काही.

दिवाळीत आम्ही एक जुनी छोटी गाडी घेतली. ऑफिसातले तिला पत्र्याचा डबा म्हणायचे, म्हणोत बापडे. थंडीवाऱ्यात पोरगी स्कूटरवर नको, म्हणून मी ठरवून टाकलं की सोमवारपासून गाडी आबांच्या ताब्यात द्यायची, त्यांनी तिला गाडीतून सोडायचं. आबा "बघू" म्हणाले. आता बघू काय? त्यांचं लायसन्स तर मी नुकतंच नवं करून आणलं होतं. या वयात डॉक्टरचा दाखला लागतो. एजंटने कोरा फॉर्म दिला, मी तो जेवणाच्या सुट्टीत भरला, शिक्का त्यानेच मारून आणला. आबांना डॉक्टरचं दार बघावंही लागलं नाही. हे मी चार जणींना कौतुकाने सांगितलं होतं.

त्या रविवारी आबांच्या जुन्या कंडक्टरकडे जेवणाचं बोलावणं होतं. ते वर डोंगरातल्या एका पाड्यावर राहतात, त्यांचं नवं घर झालं होतं. नवरा कामावर होता, म्हणून आम्ही चौघंच निघालो. मी किल्ली पुढे केली. म्हटलं, "आबा, रस्ता तुमचा, तुम्हीच चालवा. सोमवारच्या आधी हातही बसेल."

"गाडी तुन्ही शे, तूच चालाड," आबा म्हणाले. "मी बाजूले बसस." आई मूळची नशिराबादची, ती आमच्याशी शहरातलं मराठी बोलते. आबा मात्र आपली अहिराणी सोडत नाहीत. मला वाटलं, जुन्या ड्रायव्हरची रीत असेल, दुसऱ्याच्या स्टेअरिंगला हात लावायचा नाही. भारीच वाटलं मला ते.

साक्री सोडल्यावर तासाभराने डांबर संपलं. पुढे जे होतं त्याला रस्ता म्हणायला मोठं मन लागतं. पावसाळ्याच्या पाण्याने मधली माती नेली होती आणि दगड वर आले होते. ट्रॅक्टर, जीप उंच असतात, त्यांना चालतं. आमच्या डब्याचं पोट जमिनीला लागलेलं. खाली दगड घासला की आवाज माझ्या पोटात उठायचा. एका बाजूला डोंगर, डाव्या हाताला खोल दरी, सागाचे शेंडे आपल्या खाली. मी पहिल्या गिअरमध्ये रडतखडत चढत होते.

आबा मात्र निवांत. वळण दिसायच्या आधी सांगायचे, आता उजवीकडे घे, आता ओढा येईल, ओढ्यात थांबू नको. सगळं बरोबर निघायचं. मी मनात म्हटलं, काय डोकं आहे माणसाचं. एकदाच ते चुकले. म्हणाले, डावीकडे मोठा आंबा लागेल, तिथून चढ. आंबा तोडलेला होता, नुसतं खोड होतं, आणि ते आम्ही केव्हाच मागे टाकलं होतं. तरी आबा झाडाची वाट बघत होते. मी हसून सांगितलं की आंबा गेला आबा. आईने खिडकीबाहेर तोंड केलं.

मग वळणावर समोरून जीप आली. आत माणसं, टपावर माणसं, मागे लटकलेली वेगळीच. जीपवाल्याला तेवढी माणसं घेऊन चढावर मागे जाणं शक्य नव्हतं. आम्हालाच वीस-पंचवीस पावलं मागे, जरा रुंद जागेपर्यंत जावं लागणार होतं. मी पुढे बघून गाडी धड चालवते एवढंच पुष्कळ.

"घाबरू नको," म्हणत आबा उतरले. "मी दखाडस." गाडीला वळसा घालून ते मागे जाऊन उभे राहिले आणि हात वर केला. तो हात बघितला आणि माझ्या जिवात जीव आला. मी रिव्हर्स टाकला.

दोन-तीन हात मागे गेले असेन, तोच मागच्या दारावर आतून थाप पडली. एकच. आई लेकीला घेऊन मागे बसली होती.

"आई, गप्प बस गं. आबा बघताहेत."

पुन्हा थाप, आता जोरात. माझं टाळकंच सटकलं. "तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला तू शिकवणार का आता?" असं म्हणून मी क्लच सोडला.

गाडी डावीकडे बसली. खालून दगड सुटले, ते घरंगळत गेल्याचा आवाज संपता संपेना. लेक म्हणाली, "आई, गाडी वाकडी झाली." माझ्या आईने तिला छातीशी आवळलं होतं. आणि आरशात आबा, हात हलवत, "येऊ दे, येऊ दे."

जीपमधली माणसं धावत आली. आधी त्यांनी उजव्या दारातून आईला आणि लेकीला ओढून काढलं, मग मला. दहा-बारा जणांनी खाली हात घातले आणि गाडी उचलून सरळ रस्त्यावर ठेवली. त्यांतले एक वयस्क गृहस्थ हात झटकत म्हणाले, "हलकी शे म्हणीसन वाचनी." ज्या पत्र्यावरून मी टोमणे खाल्ले, त्या पत्र्यानेच आम्हाला वाचवलं.

आबा चार पावलांवर उभे होते. हात आता खाली आला होता. ते गाडीच्या दिशेने बघत म्हणाले, "काय व्हयनं?"

चार पावलांवर चाक दरीत गेलं, दगड कोसळले, बारा माणसांनी गाडी उचलली, आणि हा माणूस विचारतोय काय झालं. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. ते थट्टा करत नव्हते.

त्याच माणसांनी गाडी ढकलत मागे रुंद जागेपर्यंत नेली, मग जीप कशीबशी खेटून निघून गेली. रस्त्यावर आम्ही चौघंच उरलो. मी विचारलं, "आबा, चाक दिसलं नाही तुम्हाला?" उत्तर आईने दिलं. काचबिंदू हा शब्द आम्हाला दोन दिवसांनी डॉक्टरने सांगितला. आई त्या रस्त्यावर एवढंच म्हणाली, "पोळ्यापासून त्यांना डावीकडचं दिसत नाही."

"मग शाळेत कसे जातात?"

"म्हणून तर मी जाते ना मागे बसून. डावीकडून काही आलं की एक थाप. मोकळं असलं की दोन. त्यांच्या बसमध्ये घंटी असायची तशी."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, माझी तर थोड्याच अंतरावर खरीच सरकलेली होती. पण मला दिसत होता पांझरेचा पूल. सकाळची गर्दी, रिक्षा, वाळूचे ट्रक, आणि त्या सगळ्यातून खांद्यावरच्या थापेवर चाललेली स्कूटर. मध्ये माझी पोरगी. आणि मी वर गॅलरीत, प्रेम उतू चाललंय म्हणून हसणारी.

मग मी बोलले. काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. तुम्हाला तुमची अब्रू प्यारी, माझी पोर स्वस्त झाली का, इथपर्यंत गेले. लेक रडायला लागली तरी माझं तोंड थांबेना. आबा दगडावर बसून जमिनीकडे बघत होते. आईने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "आम्ही चुकलो. पण त्यांनी तुला सांगितलं होतं."

"मला? कधी?"

"फॉर्म भरलास त्या दिवशी."

आणि मला आठवलं. सकाळची घाई. मी डबा भरत होते. आबा स्वयंपाकघराच्या दारात चष्मा हातात घेऊन उभे होते. म्हणाले होते, त्या दाखल्यासाठी डोळे तपासतात ना, मग एकदा मला ने डॉक्टरकडे. मी मान वर न करता म्हटलं होतं, "कशाला उगाच खेटे घालायचे, आबा? शिक्का मिळतो. तुम्ही निश्चिंत राहा." ते चष्मा घालून गेले.

तो फॉर्म मला डोळ्यांपुढे दिसत होता. उजवा डोळा. डावा डोळा. दोन्हींपुढे माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं, ठीक.

आबा आता बोलले. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तू लिखी दिनं ना, दोन्ही डोया ठीक. मंग मी बी तसंच समजी लिधं."

गाडी वळवायला तिथे जागा नव्हती, वर जाण्यावाचून इलाज नव्हता. आई पुढे माझ्या शेजारी बसली. आबा लेकीला जवळ घेऊन मागे बसले. माझा राग गेला नव्हता, आजही पुरता गेलेला नाही, पण तो कुणावर आहे हे त्या दिवसानंतर मला सांगता येत नाही. मी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, पण पाय क्लचवरून उठेना. पुढे डावीकडे ताज्या मातीचा खड्डा दिसत होता.

मागच्या दारावर आतून दोन थापा पडल्या. आरशात बघितलं, हात आबांचा होता.

मी हळूच क्लच सोडला.